‘मराठी नीट दिसत नाही’ असा बग रिपोर्ट लिहू नका : ओपन सोर्सवाल्यांना चूक कळवायची कशी?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका मी माझ्या लॅपटॉपवर लावून दिली. बत्तीस पानं, पाचशे प्रती. लॅपटॉपवर लिनक्स, पानं लावायला लिबरऑफिस रायटर, आणि अक्षरांसाठी एक मोफत, ओपन सोर्स देवनागरी फॉण्ट. फॉण्टचं नाव मुद्दाम सांगत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी पुढे चूक फुकटात दुरुस्तही करून दिली, तेव्हा त्यांना इथे उभं करण्यात अर्थ नाही.

गठ्ठा छापून आला. ग्रंथपालबाईंनी पहिली प्रत उघडली आणि म्हणाल्या, “अहो, हे काय छापलंय? दुसऱ्‌या पिढीचे वाचक?”

बघितलं तर खरंच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ पाय मोडून उभा आणि ‘या’ त्याच्या शेजारी सुटा. पुढच्या पानावर ‘तिसऱ्‌या मजल्याचे स्वप्न’. मथळ्यांमध्ये जिथे जिथे ‘ऱ्य’ होता तिथे तिथे हाच प्रकार, आणि खालच्या मजकुरात मात्र सगळं व्यवस्थित. मजकूर मी तीन वेळा वाचला होता. मथळे कोण वाचतं! आणि आदल्या आठवड्यात काढलेल्या कच्च्या प्रतीत मथळेही बरोबर होते. मधल्या दिवसांत एकच गोष्ट घडली होती : मी सिस्टीम अपडेट केली होती.

त्या रात्री मी आयुष्यातला पहिला बग रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा :

“अपडेटनंतर मराठी नीट दिसत नाही. आमचं फार नुकसान झालं आहे. कृपया तातडीने दुरुस्त करा.”

आणि हा टाकला लिबरऑफिसच्या बगझिलावर, कारण पानं तिथे लावली होती. चार दिवसांनी कुणीतरी अगदी सभ्यपणे विचारलं : कोणतं व्हर्जन? कोणता फॉण्ट? नमुन्याची फाईल मिळेल का? मी रुसलेलो होतो. प्रती छापून झाल्या, आता फाईल देऊन काय उपयोग, असं म्हणून उत्तरच दिलं नाही. काही महिन्यांनी त्यावर ‘अपुरी माहिती’ असा शेरा पडला आणि रिपोर्ट बंद झाला.

खूप दिवस मला वाटत होतं की मराठीला कुणी विचारत नाही म्हणून असं झालं. आता मी स्वतःही अधूनमधून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासायला बसतो, आणि माझा तो रिपोर्ट माझ्यासमोर आला असता तर मीही तोच शेरा मारला असता.

पलीकडे बसलेला माणूस

ओपन सोर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कस्टमर केअर येतं. तसं काही नसतं. मोठ्या प्रकल्पांत काही पगारी माणसं असतात, पण आलेले रिपोर्ट आधी चाळणारे बरेचसे लोक स्वयंसेवक. दिवसाची नोकरी करून रात्री तासभर बसणारे. लहान प्रकल्पांत, उदाहरणार्थ एखाद्या फॉण्टच्या बाबतीत, अख्खा कारभार एकदोघांचाच असतो.

चाळणाऱ्याचं पहिलं काम दुरुस्ती हे नसतंच. त्याला आधी तुमची चूक स्वतःच्या मशीनवर घडवून बघायची असते. घडली, तर रिपोर्ट पुढे सरकतो. लिबरऑफिसच्या बगझिलात नवा रिपोर्ट ‘अनकन्फर्म्ड’ म्हणून लागतो आणि दुसऱ्या कुणाला तरी तीच चूक दिसली की ‘न्यू’ होतो. माहिती कमी पडली तर ‘नीडइन्फो’. आपल्याकडे होत नाही असं आढळलं तर ‘वर्क्सफॉरमी’. या शेवटच्या शेऱ्याचा लोकांना फार राग येतो. पण त्याचा अर्थ ‘तू खोटं बोलतोस’ असा नाही. ‘तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही, आणि ते काय ते तू सांगितलेलं नाहीस’ इतकाच आहे.

म्हणजे बग रिपोर्ट ही तक्रार कमी आणि पाककृती जास्त. वाचणाऱ्याने त्याच्या स्वयंपाकघरात तोच पदार्थ, तसाच बिघडलेला, करून दाखवला पाहिजे.

आता यात आपली म्हणून एक वेगळी अडचण. इंग्रजी अक्षर तुटलं तर जगात कुणालाही दिसतं. ‘ऱ्या’ तुटला तर तो दिसायला मराठी वाचणारा लागतो. पलीकडचा माणूस पोलंडचा असेल, ब्राझीलचा असेल. त्याला ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसऱ्‌या’ ही दोन्ही सारखीच सुंदर नक्षी. हिंदी येणाऱ्या भारतीय प्रोग्रॅमरलाही हा आडवा ‘ऱ’ बहुधा ओळखीचा नसतो, कारण हिंदीला त्याची गरज नाही. तेव्हा ‘बघा, चुकलंय’ एवढं म्हणून भागत नाही. काय यायला हवं होतं तेही दाखवावं लागतं.

काय दिसलं, काय दिसायला हवं होतं

वर्षभराने मी दुसरा रिपोर्ट लिहायला बसलो. का? वाचनालयाचा वार्षिक अहवाल आला होता आणि चूक तशीच होती. यावेळी ठरवलं की घाई करायची नाही.

पहिला पेच स्क्रीनशॉटचा. नुसता मजकूर पाठवला, तर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये दुसरा, चांगला फॉण्ट असतो; त्याला माझा ‘दुसऱ्या’ एकदम बरोबर दिसणार आणि तो म्हणणार, यात काय चूक आहे? उलट नुसतं चित्र पाठवलं, तर त्या चित्रातून त्याला तो शब्द टाइप करून बघता येत नाही, कारण त्याला मराठी टाइप करता येत नाही. म्हणून दोन्ही द्यायची : शब्द कॉपी करता येईल असा, आणि दोन चित्रं शेजारी शेजारी, एक चुकलेलं, एक बरोबर. बरोबरचं चित्र मी त्याच फॉण्टच्या साध्या प्रकारात काढलं. फरकाच्या जागी लाल गोल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला कुणीतरी शिकवेपर्यंत माहीत नव्हती : युनिकोड क्रमांक. ‘ऱ्या’ आपल्याला एक अक्षर वाटतं. कॉम्प्युटरच्या लेखी ती चार चिन्हं आहेत : ऱ (०९३१), हलंत (०९४डी), य (०९२एफ) आणि काना (०९३ई). हे चार क्रमांक लिहिले की लिपी न येणारा माणूसही माझा शब्द जसाच्या तसा तयार करू शकतो. क्रमांक शोधायला वेगळं काही लागत नाही. लिबरऑफिस रायटरमध्ये अक्षरापुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, क्रमांक दिसतो. पुन्हा दाबा, अक्षर परत येतं.

क्रमांक द्यायचं आणखी एक कारण आहे. हाच आडवा ‘ऱ’ लिहायच्या युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक वर सांगितली ती : ऱ आणि हलंत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की हा ‘ऱ’ मिळतो. दुसरी वाट म्हणजे साधा र (०९३०), हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर (२००डी). काही कीबोर्ड ही दुसरी वाट धरतात. चांगल्या फॉण्टमध्ये डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मी दोन्ही प्रकारे टाइप करून पाहिलं, आणि तुटत होता तो फक्त पहिल्या वाटेचा. दुसऱ्या वाटेचा बोल्डमध्येही ठणठणीत. हे एक वाक्य रिपोर्टमध्ये नसतं तर दुरुस्त करणाऱ्याची एक संध्याकाळ तरी वाया गेली असती.

महत्त्व किती, हेही त्याला कळायला हवं. पण ‘अत्यंत तातडीचं’, ‘अक्षम्य’ असले शब्द लिहून ते कळत नाही. प्रत्येकालाच आपला बग तातडीचा वाटतो. मी इतकंच लिहिलं की मराठीत रफार आणि हा आडवा ‘ऱ’ यांनी अर्थ बदलतो : ‘आचार्यांना’ म्हणजे विद्वानांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. शिवाय ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’ अशा रोजच्या शब्दांत तो येतो, त्यामुळे एक पानही याच्याशिवाय जात नाही. आचाऱ्यांचं उदाहरण त्यांना आवडलं असावं. पुढे चाचणीसाठी तोच शब्द वापरलेला दिसला.

चूक नेमकी कुणाची?

माझ्या पहिल्या रिपोर्टची सगळ्यात मोठी चूक ही की तो चुकीच्या दारात होता.

की दाबल्यापासून कागदावर अक्षर उमटेपर्यंत बरेच हात लागतात. कीबोर्ड लेआउट चिन्हं पाठवतो. प्रोग्राम ती साठवतो. मग एक वेगळाच भाग ती चिन्हं आणि फॉण्ट घेऊन कुठलं अक्षर कुठे, कसं जोडायचं ते ठरवतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. आणि अक्षरांची चित्रं व ती जोडायचे नियम असतात फॉण्टमध्ये. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गडबड झाली तरी आपल्याला एकच दिसतं : मराठी नीट दिसत नाही.

शोधायची रीत डोकं पिकवणारी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच शब्द, तोच प्रोग्राम, फॉण्ट दुसरा : बरोबर दिसला. तोच शब्द, तोच फॉण्ट, प्रोग्राम दुसरा (साधा टेक्स्ट एडिटर, मग फायरफॉक्स) : तिथेही तुटला. म्हणजे लिबरऑफिस सुटलं, संशय फॉण्टवर. मग त्याच फॉण्टचा साधा प्रकार : बरोबर. बोल्ड : तुटका. चहा होईपर्यंत एवढं सगळं झालं. एवढं जरी मी वर्षापूर्वी केलं असतं तर लिबरऑफिसच्या त्या बिचाऱ्या स्वयंसेवकाला त्रास झाला नसता.

जाता जाता एक सांगून ठेवतो, कारण मराठी लोकांच्या लिबरऑफिसबद्दलच्या तक्रारींत हे नेहमी येतं. “स्टाइलमध्ये फॉण्ट बदलला, आकार बदलला, पण मराठी मजकूर बदलतच नाही.” बहुतेक वेळा हा बग नसतो. लिबरऑफिस पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ अशा तीन गटांचे फॉण्ट वेगळे ठेवतं, आणि देवनागरी तिसऱ्या गटात येते. वरच्या खान्यात कितीही बदल करा, खालच्या खान्यात केल्याशिवाय मराठीला काही होत नाही. अशा रिपोर्टवर ‘नॉट अ बग’ शेरा पडतो. गोंधळात टाकणारी मांडणी आहे हे मान्य, पण ती वेगळी चर्चा.

दुसरा प्रश्न : दार सापडलं, पण तिथे आधीच कुणी येऊन गेलंय का? रिपोर्ट लिहिण्याआधी जुने रिपोर्ट शोधावेत, हे सगळेच सांगतात. कुठल्या शब्दांनी शोधायचं हे सांगत नाहीत. मी ‘मराठी’ शब्दाने शोधलं, जवळजवळ काही मिळालं नाही. कारण तांत्रिक लोक भाषेच्या नावाने नाही, लिपीच्या नावाने लिहितात. ‘देवनागरी’, ‘इंडिक’, ‘रेफ’, ‘हाफ फॉर्म’, ‘सीटीएल’ हे शब्द टाकून बघा. आपला हा आडवा ऱ युनिकोडच्या पुस्तकात ‘आयलॅश र’ आहे, म्हणजे पापणीसारखा र. हे शब्द इंग्रजीत टाकून शोधलं की नेपाळी, हिंदी, कोकणी लोकांनी केलेले रिपोर्टही सापडतात, आणि त्यांत कधी कधी आपलीच चूक निघते. सापडली तर नवा रिपोर्ट नको, आणि ‘मलाही होतंय’ एवढंच लिहूनही उपयोग नाही. तुमचं व्हर्जन, तुमची सिस्टीम आणि आधीच्याने न दिलेली एखादी माहिती जोडा.

मला तसा रिपोर्ट सापडला नाही. म्हणजे वर्षभर तो फॉण्ट वापरणाऱ्या सगळ्यांनी ते तुटकं ‘दुसऱ्‌या’ पाहिलं आणि कुणीच कळवलं नाही. मी धरून.

बत्तीस पानं नको, एक शब्द पाठवा

नमुना म्हणून अख्खी स्मरणिका जोडायचा मोह झाला होता. दोन कारणांनी आवरला. एक, बत्तीस पानांत चित्रं, तक्ते, चौकटी, चार फॉण्ट. त्यातलं नक्की कशामुळे होतंय हे शोधायचं काम मी वाचणाऱ्यावर ढकलत होतो. दोन, शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी होती, फोन नंबरांसकट. बगझिला काय किंवा गिटहब काय, तिथे जोडलेली फाईल सगळ्या जगाला दिसते आणि बहुधा कायमची राहते. क्रॅशनंतर तयार होणाऱ्या नोंदींतही तुमच्या फोल्डरांची नावं, युजरनेम असं काय काय असतं. पाठवण्याआधी एकदा उघडून वाचा.

म्हणून काटछाट. फाईलची प्रत घ्या, अर्धी उडवा. चूक अजून दिसते? पुन्हा अर्धी उडवा. नाहीशी झाली? मग ती उडवलेल्या भागात होती. असं करत करत माझ्याकडे एका ओळीची फाईल उरली : एक शब्द साध्या अक्षरात, तोच शब्द बोल्डमध्ये. शेवटी मी ती फाईलही टाकून दिली आणि कोरी उघडून तोच शब्द नव्याने टाइप केला. जुन्या फाईलमध्ये काही कचरा राहिला असेल तर तो यायला नको. चूक तरीही दिसली, तेव्हा खात्री पटली.

हीच अर्ध्याची युक्ती व्हर्जनलाही लागू पडते. मला माहीत होतं की आधी चांगलं होतं. फॉण्टचं आधीचं व्हर्जन उतरवलं, लावलं : बरोबर. नवं लावलं : तुटका. दोनच व्हर्जनं होती म्हणून सोपं गेलं. मोठ्या प्रोग्राममध्ये मधे शेकडो बदल असतात, पण दर वेळी मधलं तपासलं तर हजार बदलांतून दोषी बदलापर्यंत जायला साधारण दहाच चाचण्या लागतात. गिट वापरणारे ‘बायसेक्ट’ करतात ते हेच. फायरफॉक्ससाठी तर ‘मोझरिग्रेशन’ नावाचं साधन आहे, ते जुन्या फायरफॉक्सच्या प्रती आपोआप उतरवून एकेक समोर ठेवतं. आपण फक्त ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ एवढंच सांगायचं. कोड लिहिता न येणाऱ्या माणसाने करण्यासारखं यापेक्षा मोलाचं काम क्वचितच असेल.

व्हर्जनबद्दल एकच : ‘लेटेस्ट’ हे व्हर्जन नव्हे. तुमचं लेटेस्ट आणि त्यांचं लेटेस्ट यांत वर्षाचं अंतर असू शकतं, कारण लिनक्सची वितरणं पॅकेजं आपापल्या गतीने घेतात. आकडा लिहा. लिबरऑफिसमध्ये ‘अबाउट’च्या खिडकीत तो मिळतो, फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ टाइप केलं की सगळं एकत्र मिळतं. आणि शक्य असेल तर मूळ प्रकल्पाचं सगळ्यात नवं व्हर्जन लावून बघा. तिथे आधीच दुरुस्त झालेलं असेल, तर तुमचा निरोप मूळ लेखकासाठी नाही. वितरणाच्या पॅकेजवाल्यांसाठी आहे.

अंदाज वेगळे, निरीक्षण वेगळं

माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये ‘अपडेटनंतर’ हा शब्द होता, आणि तो खरा होता. पण माझ्या मनात त्याचा अर्थ ‘लिबरऑफिसच्या अपडेटने मराठी बिघडवलं’ असा होता, म्हणून मी त्या दारात गेलो. त्या दिवशी शंभरेक पॅकेजं बदलली होती, त्यात फॉण्टही होता. मी निरीक्षण सोडून निदान पाठवलं होतं. डॉक्टरकडे जाऊन ‘ताप आहे’ न सांगता ‘मला अमुक गोळी द्या’ म्हणण्यातला प्रकार.

निरीक्षण किती दूर नेतं याचं एक मोठं उदाहरण २०२४ च्या मार्चमधलं आहे. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रॅमर. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर काही मोजमाप करताना त्यांना दिसलं की एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच खर्च होतोय. ‘थोडं स्लो वाटतंय’ म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. मागोवा घेत ते ‘एक्सझेड’ या फाईल दाबून लहान करणाऱ्या साधनापाशी पोचले, आणि त्याच्या ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनांत कुणीतरी मुद्दाम घुसवलेलं चोरदार निघालं. ते जगभरच्या सर्व्हरांवर पसरायच्या आत थांबलं. त्यांनी जाहीर केलेल्या निरोपात काय आढळलं, कुठल्या व्हर्जनमध्ये, किती फरक पडला हे आकड्यांसकट होतं. आणि कुठल्या गोष्टीची खात्री नाही तेही साफ लिहिलं होतं.

जाहीर करण्याआधी त्यांनी डेबियनच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवलं होतं, हेही लक्षात ठेवा. ज्या चुकीचा फायदा घेऊन कुणी दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरू शकेल, पासवर्ड वाचू शकेल, अशी चूक सापडली तर ती उघड्या यादीत टाकायची नाही. बहुतेक प्रकल्प सुरक्षेच्या चुका खासगीत कळवायचा पत्ता देतात.

तुमचा अंदाज सांगायला कुणाची ना नाही. फक्त तो शेवटी, ‘मला वाटतं’ असं म्हणून, वेगळा लिहा. माझा दुसरा रिपोर्ट असा होता. मूळ मोडक्यातोडक्या इंग्रजीत :

मथळा : बोल्डमध्ये ‘ऱ + हलंत + य’ जोडला जात नाही, आधीच्या व्हर्जनमध्ये बरोबर होता.
कृती : कोऱ्या फाईलमध्ये ०९३१, ०९४डी, ०९२एफ, ०९३ई ही चिन्हं टाइप करा (किंवा हा शब्द कॉपी करा : दुसऱ्या). फॉण्ट बोल्ड करा.
काय दिसतं : ऱ खाली हलंत, पुढे य सुटा. चित्र १.
काय दिसायला हवं : आडवा अर्धा ऱ, य ला चिकटलेला. चित्र २, त्याच फॉण्टचा साधा प्रकार.
आणखी : ऱ्ह (कऱ्हाड) मध्येही हेच. ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ असं लिहिलं तर बरोबर दिसतं. लिबरऑफिस, टेक्स्ट एडिटर, फायरफॉक्स तिन्हींत सारखंच.
व्हर्जन : फॉण्टची दोन्ही व्हर्जनं, वितरणाचं नाव, लिबरऑफिसचा आकडा.
अंदाज : नव्या व्हर्जनच्या बोल्ड फाईलमध्ये हा नियम राहून गेला असावा. मी फॉण्ट बनवत नाही, चूक असू शकेल.

इंग्रजीची लाज वाटत असेल तर हा नमुना बघा. यात क्रियापदं किती आहेत? ‘टाइप करा’, ‘दिसतं’, ‘हवं’. एवढ्यावर काम भागतं. एका रिपोर्टमध्ये एकच चूक ठेवा. मला त्याच फॉण्टमध्ये ‘ळ’ जरा बुटका वाटत होता, ते मी यात घातलं नाही.

नंतर काय झालं

आठ दिवसांनी उत्तर आलं. प्रश्न एकच होता : हे सगळ्या आकारांत होतं का? मी त्याच संध्याकाळी कळवलं, हो. तीन दिवसांनी त्यांनी दुरुस्त केलेली बोल्ड फाईल तपासायला पाठवली. नियम राहूनच गेला होता. बोल्ड फाईल नव्याने तयार करताना एक ओळ गळाली होती. मी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चे पंधरा-वीस शब्द तपासले, दोन्ही वाटांनी. मग रफाराचे शब्दही बघितले, कारण एक दुरुस्त करताना दुसरं मोडणं नेहमीचंच. सगळं ठीक होतं, तसं लिहिलं. पुढच्या व्हर्जनमध्ये ते आलं, आणि माझ्या वितरणात यायला अजून काही महिने गेले.

त्या यशाच्या भरात मी आणखी एक रिपोर्ट टाकला, यावेळी एका एडिटरबद्दल. फाईलमध्ये ‘दुसऱ्या’ शोधलं तर निम्मेच सापडायचे. क्रमांक बघितल्यावर कळलं : काही मी टाइप केलेले, पहिल्या वाटेचे, काही दुसऱ्याने पाठवलेल्या मजकुरातले, जॉइनरवाले. डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन. उत्तर आलं की हा बग नाही. युनिकोडच्या नियमांत या दोन लेखनांना समान मानलेलं नाही, आणि प्रोग्राम नियमाप्रमाणे वागतोय. मी क्षणभर चिडलो, मग नियम वाचला. त्यांचं बरोबर होतं. रिपोर्ट त्यांनी बंद मात्र केला नाही. शेरा बदलून ‘नवी सोय हवी’ या गटात टाकला आणि विचारलं, मराठीत अशा जोड्या आणखी कुठे येतात त्याची यादी देशील का?

यादी दिली आहे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ दोन्ही वाटांनी लिहिलेले चाळीस शब्द, प्रत्येकाचे क्रमांक, आणि शोधल्यावर काय सापडायला हवं ते. अजून कुणी हातात घेतलेलं नाही. अधूनमधून कुणीतरी येऊन विचारतं की हे नव्या व्हर्जनमध्येही होतं का. मी तपासून आकडा लिहितो.

वाचनालयात ठेवलेल्या स्मरणिकेच्या प्रतीत ग्रंथपालबाईंनी सगळे मथळे काळ्या पेनाने हाताने नीट केले आहेत. अक्षर माझ्या फॉण्टपेक्षा चांगलं आहे.